करार तोडा, पण न्यायाधीश तुम्ही होऊ नका

माझा चुलत पुतण्या कबड्डी खेळतो, लेफ्ट कॉर्नर. मुंबईतल्या एका कंपनीच्या व्यावसायिक संघात तो अकरा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर होता. दोन सीझनपूर्वी एका रात्री साडेदहाला त्याचा फोन आला, म्हणाला काका, मला काढलं. मी म्हटलं काय झालं ते नीट सांग. तर स्पर्धेला बाहेरगावी गेले होते, जेवणाचा भत्ता तीन दिवस मिळाला नव्हता, चौथ्या दिवशी मॅनेजरशी त्यावरून वाजलं आणि याने सगळ्यांसमोर त्यांना एक शिवी हासडली. "काका, शिवी दिली मी, खोटं नाही बोलणार," हे त्याने स्वतःच सांगितलं. दुसऱ्या दिवशी हातात चार ओळींचं पत्र, गैरवर्तनामुळे आपला करार तात्काळ रद्द करण्यात येत आहे.

मी त्याला म्हटलं कॉन्ट्रॅक्टचा फोटो पाठव. दोन पानी कागद. सराव किती वाजता, किट कोण देणार, जखमी झाल्यास किती दिवस पगार मिळणार, हे सगळं एकेका ओळीत उरकलेलं. आणि शेवटून दुसरं कलम असं की व्यवस्थापनाच्या मते खेळाडूचं वर्तन गैर आढळल्यास करार कोणत्याही क्षणी रद्द करता येईल आणि याबाबत व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील. गैर म्हणजे काय ते कुठेच नाही, म्हणजे शिवी पण गैर, दारू पिऊन मॅटवर येणं पण गैर, आणि भत्ता मागणं पण उद्या गैर ठरू शकतं, कारण ठरवणारा जो आहे तोच भत्ता देणारा आहे.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. खेळाडू चुकला तर टीमने त्याचा करार मोडावा की नाही, यावर आपल्याकडे चर्चा झालीच तर दोनच टोकांची होते. एक म्हणतात एवढे पैसे घेतात, माज करतात, हाकलून द्या. दुसरे म्हणतात खेळ बघा हो, मैदानाबाहेर काय करतो त्याच्याशी आपल्याला काय. मला दोन्ही पटत नाही. माझं म्हणणं एवढंच की करार मोडायचा हक्क टीमला असलाच पाहिजे, पण गुन्हा झाला का आणि केवढा झाला हे ठरवायचं काम टीमकडे असता कामा नये, तिसऱ्या माणसाकडे असलं पाहिजे. आणि आपल्या देशात नेमका तो तिसरा माणूसच नाहीये.

या विषयातली सगळ्यात गाजलेली केस अमेरिकेतली आहे. १ डिसेंबर १९९७, गोल्डन स्टेट वॉरियर्स या एनबीएच्या बास्केटबॉल टीमचा सराव चालू होता. कोच पी. जे. कार्लेसिमो यांनी लॅट्रेल स्प्रीवेलला सांगितलं की पास जरा जोरात टाक. दोघांचं आधीपासूनच पटत नव्हतं. स्प्रीवेल म्हणाला माझ्या जवळ येऊ नका, कोच जवळ गेले आणि याने सरळ त्यांचा गळा धरला. दहा-पंधरा सेकंद तरी धरून ठेवला, बाकीच्या खेळाडूंनी ओढून बाजूला केलं. तो आत गेला आणि थोड्या वेळाने परत येऊन पुन्हा कोचच्या अंगावर धावून गेला. हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय कारण हा काही किरकोळ प्रकार नव्हता. आपल्यापैकी कोणी ऑफिसात साहेबाचा गळा धरला तर संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं झालेलं असेल आणि कोणाला त्यात काही चूकही वाटणार नाही.

आता टीमने काय केलं बघा. आधी दहा मॅचेसची बिनपगारी बंदी घातली, म्हणजे घटना ताजी असताना, कोचच्या मानेवरचे ओरखडे दिसत असताना, टीमला ती शिक्षा पुरेशी वाटली. मग टीव्हीवर आणि पेपरांत आरडाओरडा सुरू झाला आणि दोनच दिवसांत टीमने अख्खा करारच रद्द केला. चार वर्षांचा ३ कोटी २० लाख डॉलरचा करार होता, त्यातला मोठा भाग अजून शिल्लक होता. त्याच्या पाठोपाठ लीगने वर्षभराची बंदी घातली. दोन दिवसांत नवा पुरावा कुठलाच आला नव्हता, गळा तोच होता आणि हात तेच होते, बदललं होतं फक्त बाहेरचं वातावरण.

पण एनबीएच्या खेळाडूंची युनियन आहे, आणि युनियन व लीग यांच्यातल्या करारात असे वाद लवादाकडे, म्हणजे निवाडा करणाऱ्या त्रयस्थ माणसाकडे, न्यायची सोय आहे. लवाद होते जॉन फीरिक, न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठातल्या लॉ स्कूलचे डीन. त्यांनी साक्षी ऐकल्या आणि मार्च १९९८ मध्ये निकाल दिला की करार रद्द करणं टिकत नाही, तो पुन्हा लागू करा, आणि बंदी त्या सीझनपुरतीच ठेवा. तरी त्याच्या ६८ मॅचेस गेल्या आणि पगारातले सुमारे ६४ लाख डॉलर बुडाले. म्हणजे सुटला असं कोणी म्हणू शकत नाही. पुढे जानेवारी १९९९ मध्ये तो न्यूयॉर्क निक्सकडे गेला आणि त्याच वर्षी ती टीम फायनलला पोचली.

तेव्हा अमेरिकेत खूप लोक फीरिक यांच्यावर भडकले होते, आणि मला त्यांचा राग समजतो. पण मला तो निकाल बरोबर वाटतो. एकाच गुन्ह्यासाठी टीम वेगळी शिक्षा देते, लीग वेगळी देते, तीही आधी एक आणि गाजावाजा झाल्यावर दुसरी, तर त्याला शिस्त म्हणत नाहीत. त्याला चेहरा वाचवणं म्हणतात. मारहाणीची शिक्षा म्हणून ६४ लाख डॉलर खूप झाले. आणि कोचला मारल्याबद्दल सरळ करार जाईल असं ठरवायचंच असेल तर ते आधी लिहा, सगळ्यांना वाचायला द्या, मग लागू करा, माझी काही हरकत नाही.

अगदी हाच प्रकार २०१४ मध्ये अमेरिकन फुटबॉलमध्ये पुन्हा झाला. बाल्टिमोर रेव्हन्सच्या रे राइसने लिफ्टमध्ये आपल्या होणाऱ्या बायकोला मारलं, लीगने फक्त दोन मॅचेसची बंदी घातली. बाईला बेशुद्ध होईपर्यंत मारल्याची किंमत दोन मॅचेस! मग सप्टेंबरमध्ये लिफ्टच्या आतला व्हिडिओ बाहेर आला आणि त्याच दिवशी टीमने त्याला काढलं, लीगने बेमुदत बंदी घातली. नोव्हेंबरमध्ये माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी ती बंदी उठवली, कारण एकदा दिलेली शिक्षा लोक चिडले म्हणून पुन्हा वाढवता येत नाही. मला यात सगळ्यात जास्त चीड येते ती पहिल्या शिक्षेची. नियम पक्का असता तर त्या बाईला पहिल्याच दिवशी न्याय मिळाला असता, व्हिडिओची वाट बघावी लागली नसती. लोकांना वाटतं लवाद म्हणजे खेळाडूला वाचवायची पळवाट, पण खरं तर लेखी नियम आणि त्रयस्थ माणूस नसला की स्टार खेळाडूच आधी वाचतो, आणि मग एक दिवस अचानक बळी जातो.

अमेरिकन फुटबॉलच्या त्या लीगमध्ये बहुतेक करारांचे पैसे पूर्ण हमीचे नसतातच, टीमला वाटेल तेव्हा खेळाडूला सोडता येतं, त्यामुळे तिथे करार रद्द करायची वेळ फारशी येतच नाही. बेसबॉलमध्ये उलट. अलेक्स रॉड्रिगेझचा न्यूयॉर्क यांकीजशी दहा वर्षांचा २७ कोटी ५० लाख डॉलरचा करार होता, उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात त्याला २११ मॅचेसची बंदी झाली, लवादाने ती १६२ वर आणली, म्हणजे २०१४ चा अख्खा सीझन आणि त्या सीझनचा पगार गेला. पण करार शिल्लक राहिला, कारण तिथे डोपिंगची शिक्षा काय ते लीग आणि युनियनने मिळून ठरवलंय आणि टीमला त्यावर आपली वेगळी शिक्षा चढवता येत नाही. मला ही पद्धत आवडते.

कारण टीमचा हेतू नेहमी शुद्ध असतो असं नाही, आणि इथेच घोडं पेंड खातं. खेळाडू फॉर्मात असताना त्याने काहीही केलं तरी "तो आमच्या कुटुंबाचा भाग आहे" असं पत्रक निघतं. तोच खेळाडू बत्तीस वर्षांचा झाला, गुडघा गेला, पगार मात्र जुना मोठाच आहे, की मग अचानक सगळ्यांना नैतिकता आठवते. गैरवर्तनाचं कलम ही महागडा करार फुकटात मोडायची किल्ली होऊ शकते. टीमला ज्या निर्णयातून कोट्यवधी वाचणार आहेत तो निर्णय टीमनेच घ्यायचा, हे कुठल्या गावच्या पंचायतीतही चालणार नाही.

आता दुसरी बाजू, कारण करार मोडणं योग्य ठरल्याचीही उदाहरणं आहेत. रोमानियाचा फुटबॉलपटू एड्रियन मुटू, लंडनच्या चेल्सी क्लबने २००३ मध्ये त्याला इटलीतल्या पार्मा क्लबकडून दीड कोटी पौंडांहून जास्त मोजून आणलं. २००४ मध्ये चाचणीत कोकेन सापडलं, चेल्सीने ऑक्टोबरमध्येच त्याला काढून टाकलं, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने सात महिन्यांची बंदी घातली. इथे क्लब लवादाकडेही जिंकला, मुटूने करार मोडला असंच ठरलं. मग क्लब पुढे गेला आणि नुकसानभरपाई मागितली, २००८ मध्ये फिफाने मुटूला १ कोटी ७० लाख युरोंच्या वर रक्कम भरायला सांगितली, आणि २००९ मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने तेच कायम केलं. काढून टाकलं हे मला मान्य आहे. पण एका व्यसनात अडकलेल्या पंचविशीतल्या पोराकडून त्याच्या विकत घेण्याची किंमत वसूल करायची, तेही चाचणीत सापडला की क्लबने स्वतःच दार दाखवलेलं असताना, हे मला जास्त वाटतं. उपचाराला पाठवायचा, सात महिने बिनपगारी ठेवायचा, हाही रस्ता होता. क्लबने स्वखुशीने मालमत्ता सोडून दिली आणि मग तिचा हिशेब मागितला. तरीपण, आणि हे मी प्रामाणिकपणे सांगतो, मुटूला निदान आपली बाजू मांडायला तीन-चार पायऱ्या मिळाल्या, तो युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत जाऊन आला. तिथे २०१८ मध्ये तो हरला, पण दार उघडं होतं.

आणि बेंजामिन मेंडीची केस वाचल्यावर तर माझं मत पक्कंच झालं. मँचेस्टर सिटीचा हा फ्रेंच डिफेंडर. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच्यावर बलात्काराचे आरोप ठेवले गेले, आरोप अत्यंत गंभीर. क्लबने सप्टेंबरपासून त्याचा पगार थांबवला, करार संपला जून २०२३ मध्ये, तोपर्यंत. आणि २०२३ मध्ये ज्युरीने त्याला सगळ्या आरोपांतून निर्दोष सोडलं, काही जानेवारीत, उरलेले जुलैमध्ये. मधल्या काळात वकिलाच्या फीसाठी त्याला टीममधल्या मित्रांकडून उसने पैसे घ्यावे लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये लेबर कोर्टाने, त्यांच्याकडे एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनल म्हणतात, सांगितलं की तो जेलमध्ये होता तेवढा काळ सोडला तर बाकी पगार द्यावाच लागेल, तो काम करायला तयार होता, त्याला मैदानापासून दूर ठेवणारे दुसरे होते. मागणी सुमारे १ कोटी १० लाख पौंडांची होती, त्यातला बराचसा हिस्सा मंजूर झाला.

मला माहितीये यावर काही जण म्हणतील की अशा आरोपातल्या माणसाला क्लबने जर्सी घालून मैदानात उतरवायचं का. नाही, अजिबात उतरवू नये. तक्रार करणाऱ्या बाईने टीव्ही लावला आणि समोर हजारो लोक त्याच माणसाच्या नावाने टाळ्या वाजवतायत, हे तिच्यासाठी काय असेल याचा विचार करा. पण मैदानाबाहेर ठेवणं वेगळं आणि उपाशी ठेवणं वेगळं. आपल्याकडे कारखान्यातल्या कामगाराला निलंबित केलं तर त्याला निर्वाह भत्ता मिळतो, पहिले ९० दिवस अर्धा पगार, चौकशी कामगाराच्या दोषाशिवाय लांबली तर ७५ टक्के. त्याला चार्जशीट द्यावी लागते, खातेनिहाय चौकशी करावी लागते, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. मुंबईच्या गिरण्यांत दोन-तीन पिढ्या भांडल्या तेव्हा हे असलं संरक्षण कामगाराच्या पदरात पडलं. माझ्या पुतण्याला यातलं काहीही मिळालं नाही, कारण तो कामगार नाही म्हणे, तो कॉन्ट्रॅक्टवरचा खेळाडू.

आणि हे फक्त छोट्या खेळाडूंचं दुखणं नाही. मोहम्मद शमी भारताचा मुख्य फास्ट बोलर होता, मार्च २०१८ मध्ये त्याच्या पत्नीने त्याच्यावर बरेच आरोप केले, त्यात फिक्सिंगचाही विषय आला, आणि त्याच दिवसांत बोर्डाने केंद्रीय करारांची यादी जाहीर केली तेव्हा त्याचं नाव बाजूला ठेवलं. बोर्डाच्याच भ्रष्टाचारविरोधी पथकाने चौकशी केली, त्यात काही निघालं नाही, आणि दोन आठवड्यांत त्याला बी ग्रेडचा वर्षाला ३ कोटींचा करार मिळाला. घरगुती आरोपांचा निकाल कोर्टाने लावावा, त्याबद्दल मी बोलत नाही. मला दिसतं ते एवढंच, की बोर्डाने रोखलं, बोर्डाने तपासलं, बोर्डाने परत दिलं. या वेळी लवकर झालं म्हणून ठीक. तपासात एक वर्ष गेलं असतं तर तो कोणाकडे जाणार होता?

कारण आपल्याकडे सध्या खेळत असलेल्या क्रिकेटपटूंची युनियनच नाही. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये जी भारतीय क्रिकेटपटूंची संघटना उभी राहिली ती निवृत्त खेळाडूंची आहे. म्हणजे ज्याचा करार धोक्यात येऊ शकतो तोच तिच्यात नाही. स्प्रीवेलकडे युनियन होती म्हणून फीरिक आले. आयपीएलमध्ये तर करार रद्द करायची गरजही पडत नाही, सीझन संपला की रिलीज करायचं, कारण विचारायला कोणी येत नाही. खेळाडूने मात्र लिलावात घेतल्यावर माघार घेतली तर दोन वर्षं बंदी, २०२५ मध्ये इंग्लंडच्या हॅरी ब्रूकला ती झाली, दिल्लीने त्याला सव्वासहा कोटींना घेतलं होतं. तो नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, शब्द दिला तर पाळावा. पण मग शब्द दोन्ही बाजूंनी बांधलेला हवा.

२०१३ चं स्पॉट फिक्सिंग आठवतं ना. राजस्थान रॉयल्सचे श्रीशांत, अजित चंडिला आणि आपल्या मुंबईचा डावखुरा स्पिनर अंकित चव्हाण यांना अटक झाली, टीमने त्यांचे करार थांबवले, बोर्डाने श्रीशांत आणि चव्हाणवर आजन्म बंदी घातली. फिक्सिंग हा माझ्या मते एकमेव गुन्हा आहे जिथे करार लगेच गोठवला तरी चालेल, कारण तिथे खेळाडू प्रेक्षकांना विकतो. तरीही पुढे काय झालं बघा, २०१५ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने तिघांनाही फौजदारी खटल्यातून सोडलं, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने श्रीशांतच्या बाबतीत सांगितलं की दोषी ठरवणं ठीक आहे पण सरसकट आजन्म बंदी नको, शिक्षा किती ते पुन्हा ठरवा, आणि बोर्डाच्या लोकपालांनी ती सात वर्षांवर आणली. चव्हाणची बंदीसुद्धा नंतर सात वर्षांचीच झाली, पण त्याला ते कळलं २०२१ मध्ये, म्हणजे सात वर्षं उलटून गेल्यावर. ऐन विशीतल्या स्पिनरची ती वर्षं कोण परत देणार.

आणि त्याच प्रकरणात कुंपणानेच शेत खाल्लं होतं हे विसरू नका. सट्टेबाजीत टीमशी संबंधित वरची माणसं सापडली, १४ जुलै २०१५ ला लोढा समितीने राजस्थान आणि चेन्नई या दोन्ही टीमना दोन वर्षांसाठी बाहेर काढलं. ज्या खेळाडूंचा काडीचा संबंध नव्हता त्यांना दुसऱ्या टीम शोधाव्या लागल्या. खेळाडूच्या करारात "टीमच्या प्रतिष्ठेला धक्का" असं कलम असतं. मालकाने खेळाडूच्या प्रतिष्ठेला धक्का लावला तर काय, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

हे सगळं काही नवीन नाही. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावरून लाला अमरनाथना गैरवर्तनाचा ठपका ठेवून पहिल्या टेस्टच्या आधीच बोटीने परत पाठवलं होतं. कॅप्टन विजयनगरमचे महाराजकुमार, मॅनेजर ब्रिटिश मेजर, आणि शिक्षा देणारे हेच दोघं ज्यांच्याशी भांडण झालं होतं. अमरनाथ त्या दौऱ्यात धो धो रन काढत होते, एसेक्सविरुद्ध दोन्ही डावांत शतकं. नंतर चौकशी समिती बसली, अध्यक्ष मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर जॉन ब्यूमाँट, आणि तिने १९३७ मध्ये अमरनाथना दोषमुक्त केलं आणि कॅप्टनच्या कारभारावरच ताशेरे ओढले. तिसरा माणूस आला तेव्हा खरं काय ते बाहेर आलं, पण तोपर्यंत तिन्ही टेस्ट होऊन गेल्या होत्या.

म्हणून मला हवंय ते फार अवघड नाहीये. प्रत्येक करारात गैरवर्तन म्हणजे काय ते मराठीत, हिंदीत, खेळाडूला समजेल अशा भाषेत लिहा, शिवीला काय, मारामारीला काय, डोपिंगला काय, आणि स्टारला आणि बेंचवरच्याला एकच माप लावा. टीमला खेळाडूला लगेच बाजूला बसवता यावं, पण निकाल लागेपर्यंत अर्धा पगार चालू राहावा. आणि निकाल द्यायला असा माणूस असावा ज्याची नेमणूक टीम आणि खेळाडू दोघांनी मिळून केलीये, आणि त्याने ३०-४५ दिवसांत निकाल द्यावा कारण खेळाडूचं आयुष्यच दहा वर्षांचं असतं. कोर्टात जा म्हणून सांगू नका, आपल्या कोर्टात तारीख पडेपर्यंत पोरगा कोच व्हायच्या वयाला येतो. प्रो कबड्डीसारख्या लीगना आणि राज्य संघटनांना हे उद्या सुरू करता येईल, त्यासाठी संसदेत कायदा यायची गरज नाही.

पुतण्या आता दुसऱ्या एका संघाकडून खेळतो. नवीन कॉन्ट्रॅक्ट त्याने सही करायच्या आधी मला पाठवलं. सगळं वेगळं होतं, पगार वेगळा, भत्ता रोजच्या रोज देऊ असंही लिहिलेलं, पण शेवटून दुसरं कलम शब्दाला शब्द तेच. मी म्हटलं "निर्णय अंतिम राहील" हे खोडायला सांग, किमान माझं म्हणणं ऐकून घेतलं जाईल एवढं तरी लिहायला सांग. तो म्हणाला काका, माझ्या मागे सहा जण उभे आहेत लाइनीत, मी हे बोललो तर ते सही करतील. आणि त्याने सही केली.